मटणाबद्दल खरं कोण सांगेल?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात महिनाभराच्या आत दोन गोष्टी झाल्या. बाबांची म्हणजे माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, आणि डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता नॉनव्हेज बंद. दोन शब्द, पुढे काही नाही, तोवर पुढचा पेशंट आत आला होता. आणि तिकडे माझी लेक, १७ वर्षांची, बारावीला आहे, ती एका रविवारी पप्पांसोबत चिकन आणायला गेली आणि परत आली ती रडतच. पिंजऱ्यात एकावर एक कोंबड्या कोंबलेल्या, समोर एकीला कापून राह्यले आणि बाकीच्या बघून राह्यल्या, आई मी हे यापुढे नाही खाऊ शकत. त्या दिवसापासून तिने मटण, चिकन, मासे, अंडं सगळं सोडलं. दूध-दही तेवढं घेते.

आता आमचं घर नागपूरच्या इतवारीतलं, सावजी रस्स्यावर वाढलेलं. रविवारी सकाळी सुकं खोबरं, खसखस, धने, मिरे, दगडफूल भाजलं की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि दुपारी ज्वारीची भाकर, मटण, वर बोटभर तर्री. अशा घरात ७० वर्षांचा माणूस आणि १७ वर्षांची पोरगी एकाच महिन्यात मटणापासून लांब गेले, एकाला सोडावं लागलं आणि एकीने स्वतःहून सोडलं. सासूबाई लेकीच्या मागे लागल्या, "पोट्टी वाळून चालली, मटन नाही खाईन तं अंगात रक्त कुठून येईन?" आणि बाबा ताटाकडे बघत म्हणत, "माह्या बापानं जिंदगीभर मटन खाल्लं, पंच्याऐंशीचा होऊन गेला, त्याले काऊन नाही झालं काही?"

मी ज्युनियर कॉलेजला गणित शिकवते. घरात कागद वाचणारी मीच, त्यामुळे दोघंही माझ्याकडे आले. बाबांना ऐकायचं होतं की थोडं खाल्लं तर चालतं. लेकीला ऐकायचं होतं की सोडलं तर काही बिघडत नाही. आणि मला दोघांनाही खोटं सांगायचं नव्हतं, म्हणून मी शोधायला बसले.

पहिल्या रात्रीच एक गोष्ट लक्षात आली. मी टाइप केलं "मटण हृदयाला वाईट का असतं", तर पन्नास व्हिडिओ आले की मटण म्हणजे विष. मग टाइप केलं "मटण खाण्याचे फायदे", तर पन्नास व्हिडिओ की मटणासारखं दुसरं काही नाही. प्रश्नातच मी उत्तर घालून दिलं होतं आणि तेच मला परत मिळालं. आणि एकदा एका बाजूचे चार व्हिडिओ बघितले की पाचवा, सहावा, विसावा त्याच बाजूचा येतो, आठ दिवसात वाटायला लागतं की सगळं जग हेच म्हणतंय. माझ्या मोबाइलवर आणि नवऱ्याच्या मोबाइलवर त्या आठवड्यात दोन वेगळी जगं होती, एकाच घरात, एकाच वायफायवर.

मग बोलणारा माणूस कोण हे बघायला लागले. प्रोटीनचं महत्त्व सांगणारा ट्रेनर खाली प्रोटीन पावडरची लिंक देतो. मांसाहाराने तामसी वृत्ती येते म्हणणारे महाराज शेवटी काढा विकतात. आणि "संडे हो या मंडे" हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो, ती एनईसीसीची जाहिरात, म्हणजे अंडी उत्पादकांचीच संस्था, १९८२ ला सुरू झालेली. आता अंडं चांगलंच अन्न आहे, माझा त्याच्याशी वाद नाही, पण ते वाक्य आपल्याला एखाद्या डॉक्टरने सांगितल्यासारखं डोक्यात बसलंय आणि ते विकणाऱ्याचं वाक्य आहे, एवढं तरी माहीत पाहिजे ना.

मग आला तो कॅन्सरचा मेसेज. फॅमिली ग्रुपवर नणंदेने टाकला, मटण हे सिगारेटच्या कॅटेगरीत, डब्ल्यूएचओने जाहीर केलं. मी म्हटलं हे मुळापासून बघते. तर खरं काय आहे ते सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि मला वाटतं हे एक नीट समजलं की बाकीचं अर्धं आपोआप समजतं.

डब्ल्यूएचओची कॅन्सरवर काम करणारी एक संस्था आहे, आयएआरसी. ऑक्टोबर २०१५ मध्ये १० देशांच्या २२ तज्ज्ञांनी ८०० च्या वर अभ्यास बघून दोन गोष्टी सांगितल्या. प्रोसेस्ड मीट म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हॅम असं खारवलेलं, धुरावलेलं, टिकवलेलं मांस, हे ग्रुप १ मध्ये, म्हणजे कॅन्सरला कारणीभूत होतं हे पक्कं. आणि रेड मीट, म्हणजे आपलं बकऱ्याचं मटण धरून, हे ग्रुप २ए मध्ये, म्हणजे बहुतेक कारणीभूत असावं पण पक्कं नाही. चिकन यात नाहीच. तंबाखूसुद्धा ग्रुप १ मध्ये आहे, म्हणून मेसेज बनला सिगारेटची कॅटेगरी. पण हे ग्रुप धोका किती मोठा त्याचे नाहीतच, पुरावा किती पक्का त्याचे आहेत. साप चावल्याने माणूस मरू शकतो हे पक्कं आहे आणि जिन्यावरून पडून मरू शकतो हेही पक्कं आहे, दोन्ही पक्के म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत. त्याच वेळी आयएआरसीने स्वतः सांगितलेला अंदाज होता की जगात दरवर्षी प्रोसेस्ड मीटमुळे साधारण ३४,००० कॅन्सरचे मृत्यू होत असावेत आणि तंबाखूमुळे साधारण १० लाख. हा आकडा मेसेजमध्ये कुणी टाकत नाही. आणि त्यात आमच्या घरच्या मटणाचा तर संबंधच मागून येतो, कारण आमच्याकडे सलामी बेकन कोण खातं.

आणि आयएआरसीच्याच त्या अहवालातला तो १८ टक्के. रोज ५० ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. वाचून कुणालाही वाटेल की १०० पैकी १८ लोकांना कॅन्सर. मी हा प्रश्न माझ्या अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहिला, ६० पोरांपैकी बहुतेकांनी तेच सांगितलं. मग आम्ही गणित केलं. ब्रिटनसारख्या देशात आयुष्यभरात १०० पैकी ५-६ जणांना हा कॅन्सर होतो. सहाचे १८ टक्के म्हणजे साधारण एक. म्हणजे १०० लोकांनी रोजच्या रोज, वर्षानुवर्षं, ५० ग्रॅम खाल्लं तर ६ च्या जागी ७. हा एक माणूसही माणूसच आहे, त्याला कमी नाही लेखायचं, पण १८ आणि १ यात फरक आहे की नाही. भारतात या कॅन्सरचं मूळ प्रमाणच तिकडच्यापेक्षा बरंच कमी आहे, मग तोच १८ टक्के इथे आणखी छोटा होतो. कशाच्या १८ टक्के, हे विचारल्याशिवाय टक्का ऐकायचाच नाही असं मी पोरांना सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा टक्केवारीच्या तासाला मागच्या बाकावरचे पोट्टेसुद्धा पुढे येऊन बसले.

आता बाबांच्या हृदयाचं. इथे मला एक अभ्यास सापडला जो मला सगळ्यात प्रामाणिक वाटला. ऑक्सफर्डचा, ४८,१८८ लोकांचा, १८ वर्षं मागे लागून केलेला, २०१९ ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आला. त्यात शाकाहारी लोकांना हृदयविकार मांस खाणाऱ्यांपेक्षा २२ टक्के कमी, आणि स्ट्रोक २० टक्के जास्त. दोन्ही एकाच अभ्यासात! ज्याला शाकाहार पटवायचा तो पहिलं वाक्य उचलतो, ज्याला मटण पटवायचं तो दुसरं, आणि दोघंही म्हणतात ऑक्सफर्डने सांगितलं. आकड्यात केलं तर १,००० लोकांमागे १० वर्षांत हृदयविकाराच्या १० केसेस कमी आणि स्ट्रोकच्या ३ जास्त. हे असं दोन्ही बाजू एकत्र ठेवून सांगणारा एकही व्हिडिओ मला मराठीत सापडला नाही.

पण थांबा, तिथला शाकाहारी कोण हेही बघावं लागतं. इंग्लंडमध्ये जो शाकाहारी होतो तो बहुतेक वेळा विचार करून झालेला असतो, तो सिगारेटही कमी ओढतो, व्यायाम करतो, वजन कमी असतं. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा अभ्यास असाच प्रसिद्ध आहे, ७३,००० च्या वर लोक, शाकाहारी लोकांत मृत्यूचं प्रमाण १२ टक्के कमी निघालं, २०१३ ला छापून आला, पण त्या पंथात दारू-सिगारेट न घेण्याचीच शिकवण आहे. संशोधक हे फरक गणिताने काढायचा प्रयत्न करतात, पण सगळे निघत नाहीत. आणि आपल्याकडचा शाकाहारी? तो जन्माने शाकाहारी. त्याने तब्येतीसाठी काही ठरवलेलं नाही. तो सकाळी तर्री पोहा खातो, दुपारी भात, संध्याकाळी कचोरी, रात्री जिलबी, आणि शाकाहारीच असतो. इंग्लंडच्या शाकाहाऱ्याचा रिझल्ट त्याला कसा लावणार?

आमच्या बाबांचं नेमकं हेच झालं होतं, आणि हे मला कुठल्या अभ्यासातून नाही, आमच्याच किचनमध्ये उभं राहून कळलं. डॉक्टरांनी मटण बंद केलं, बाबांनी केलं, शब्दाचे पक्के आहेत. पण मटण गेलं तिथे काय आलं? रविवारी मटणाच्या जागी पाटोडीचा रस्सा, आणि त्यावर तर्री तेवढीच, उलट जास्त, कारण आईंना म्हणजे सासूबाईंना वाईट वाटायचं की बिचाऱ्यांना मटण नाही तर निदान रस्सा तरी मनासारखा खाऊ द्या. मधल्या वेळेला साबुदाण्याची खिचडी, आलूबोंडा, तोंड कसंतरी झालं म्हणून संत्रा बर्फी. हे सगळं शाकाहारी. मी दोन महिन्याचं तेल मोजलं, किराण्याची चिठ्ठी काढून, घरात तेल आधीपेक्षा जास्त लागलं होतं!

अभ्यासातही हेच दिसतं. रेड मीट काढून त्या जागी डाळी, शेंगदाणे-बदाम, कडधान्यं आली तर हृदयाला फायदा दिसतो, आणि त्या जागी मैदा, पांढरा भात, साखर आली तर तो फायदा जवळपास नाहीसा होतो. म्हणून "मटण वाईट की चांगलं" हा प्रश्न अर्धाच आहे. कशाच्या जागी? हा उरलेला अर्धा. आयसीएमआर-इंडियाब म्हणून देशभराचा मोठा सर्व्हे आहे, त्यात दिसलं की भारतीय माणसाच्या जेवणातल्या ६२ टक्के कॅलरीज कार्बोहायड्रेटमधून येतात, पांढरा तांदूळ, दळलेले पीठ, साखर. आपण मटणावर भांडत बसतो आणि ताटाच्या मोठ्या भागाबद्दल कुणी बोलत नाही. डॉक्टरांना वेळ नसतो मला कळतं, बाहेर ४० पेशंट बसलेले असतात, पण "नॉनव्हेज बंद" ऐवजी "तेल मोजून, मटण क्वचित आणि चरबी काढून, त्या जागी डाळ" एवढं म्हणायला अजून पाचच सेकंद लागले असते.

आता लेकीचं. इथे मी जास्त घाबरले होते खरं तर. तिला हे खायचं नाही कारण तिला त्या कोंबड्यांचं दुःख झालं, आणि हे मला आधी कळायला पाहिजे होतं की याला मी कुठलाही अभ्यास दाखवून हो किंवा नाही म्हणू शकत नाही. ते तिच्या मनाचं आहे. मी आधी तिच्याशी प्रोटीनवर वाद घालत होते आणि ती माझ्याशी दयेवर, दोघी दोन वेगळ्या खोल्यांत बोलून राह्यलो होतो. एका रात्री मी तिला म्हटलं, तुझं कारण मला मान्य, मी त्यावर काही बोलणार नाही, आता फक्त तुझ्या शरीराला काय कमी पडेल तेवढं बघू, त्याला तुझी हरकत आहे का. ती म्हणाली नाही. त्या दिवसापासून भांडण संपलं.

ब्लड टेस्ट केली. हिमोग्लोबिन १०.४ म्हणजे कमी, व्हिटॅमिन बी१२ १५८, लॅबच्या कागदावर किमान २०० लिहिलेलं. आई म्हणाल्या, "बघ, म्या सांगतलं होतं." पण मांसाहार सोडून तिला जेमतेम तीन महिने झाले होते, आणि बी१२ शरीरात लिव्हरमध्ये साठलेलं असतं, वर्षानुवर्षं पुरतं, तीन महिन्यात एवढं खाली येत नाही. म्हणजे मटण खात होती तेव्हाही कमीच होतं! मला मोठाच धक्का बसला. मग बघितलं तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षांपासून यावर काम करून राह्यले. २००६ मध्ये त्यांच्या टीमचा पेपर आला, गावातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष, त्यातल्या ६७ टक्के लोकांचं बी१२ कमी. शाकाहारी लोकांत जास्त, पण फक्त त्यांच्यातच नाही. आपण स्वतःला मांसाहारी म्हणतो, पण आठवड्यातून एकदा, त्यात रस्साच जास्त आणि बाईच्या ताटात शेवटी उरलेले दोन तुकडे, याने काय होतं. आमच्या घरात पण लेकीच्या वाटीत नेहमी रस्सा आणि आलूच जास्त असायचा, तिला आवडायचा म्हणून, आणि पीस पुरुषांना. हे लिहिताना मला त्रास होऊन राह्यला पण खरं आहे.

तर बी१२ बद्दल जे पक्कं आहे ते हे. ते झाडपाल्यात नाही, प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं, दुधात थोडं असतं, एका मोठ्या ग्लासात साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच लागतं. स्पिरुलिना या शेवाळात असतं म्हणतात ते आपल्या शरीराला चालणारं नसतं. आंबवलेल्या इडली-डोशाचा भरवसा नाही. शाकाहारी माणसाने, आणि दूधही न घेणाऱ्याने तर नक्कीच, गोळी घ्यायची, त्यात लाजायचं काही नाही. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी१२ कमी होतं, घरात कुणाला चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. हे शाकाहाराचा प्रचार करणारे टाळतात. आणि मांसाहाराचा प्रचार करणारे हेच धरून बसतात, जणू काही एका स्वस्त गोळीने सुटणारा प्रश्न म्हणजे सगळा शाकाहार खोटा.

रक्ताचं म्हणाल तर मटणातलं लोह शरीर सहज घेतं, पालेभाजी-डाळीतलं कमी घेतं, आईंचं म्हणणं इथे अर्धं बरोबरच आहे, मी त्यांना तसं सांगितलं पण. पण जेवणासोबत लिंबू, संत्रं, आवळा असला की डाळ-भाजीतलं लोह चांगलं लागू पडतं, आणि जेवणाला लागून चहा घेतला की कमी होतं. आमच्याकडे जेवण झाल्याबरोबर चहा ही जुनी सवय, ती मोडायला मला मटण सोडवण्यापेक्षा जास्त त्रास झाला. आणि संत्र्यांच्या गावात राहून पोरीच्या डब्यात संत्रं नाही हे मला चाललं नाही, आता रोज असतं, सीझन संपला की लिंबू. एनएफएचएस-५ म्हणजे सरकारच्या कुटुंब आरोग्य सर्व्हेप्रमाणे देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बाया ॲनिमिक आहेत आणि त्याच सर्व्हेत त्याच वयाच्या साधारण ७० टक्के बाया कधी ना कधी मांस-मासे खातात, पुरुषांत ८३ टक्के. म्हणजे नुसतं मांसाहारी घरात असून रक्त भरत नाही.

या आकड्यांचीही गंमत नाही, अडचण आहे. कोण काय खातं हे विचारलं की आपल्याकडे माणूस खरं सांगेलच असं नाही, कारण खाण्यासोबत जात येते, धर्म येतो, भाड्याने घर मिळेल की नाही ते येतं. बालमुरली नटराजन आणि सूरज जेकब या संशोधकांनी २०१८ मध्ये याच विषयावर लिहिलं, त्यांचं म्हणणं देशात खरे शाकाहारी २० टक्क्यांच्या आसपासच असावेत, सरकारी सर्व्हेत दिसतात त्यापेक्षा कमी, कारण लोक मांसाहार लपवतात. मी स्वतः लहानपणी शाळेत डब्यात अंडं नेलं की झाकण अर्धंच उघडायची. ज्या गोष्टीबद्दल माणूस लपवतो किंवा मिरवतो, त्या गोष्टीबद्दल निव्वळ माहिती मिळणं किती कठीण आहे बघा. एकाला मटणावर बोललं की त्याच्या आजोबा-पणजोबावर बोलल्यासारखं वाटतं, दुसऱ्याला डाळीवर बोललं की देवावर.

विदर्भात तर आपल्याला हे डाळीनेच शिकवलंय. लाखोळी आठवते का? १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती, कारण काय तर लाखोळीने पाय लुळे पडतात. आजार खरा आहे, दुष्काळात जेव्हा लोकांनी महिनोन्महिने लाखोळीशिवाय दुसरं काहीच खाल्लं नाही तेव्हा झाला. पण भंडारा-गोंदियाकडे लोक इतर जेवणासोबत थोडी लाखोळी पिढ्यानपिढ्या खात आले, आणि माझ्या आजीच्या घरी तिची भाजी वाळवून ठेवत. २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली, घातक द्रव्य कमी असलेले वाणही निघालेत. किती खाल्लं, किती दिवस, सोबत दुसरं काय होतं, हे सोडून नुसतं "विष" म्हटलं की असं होतं. आणि उलट, आजीने खाल्लं म्हणून सगळ्यांनी कितीही खावं असंही नाही.

मग मी म्हटलं चला, व्हिडिओ सोडा, सरळ मोठ्या जर्नलवर विश्वास ठेवू. तिथेही एक गोष्ट वाचली आणि दोन दिवस डोकं धरून बसले. २०१९ मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या नामांकित जर्नलमध्ये एका गटाने लिहिलं की रेड मीट कमी करण्याचा सल्ला देण्याएवढा पक्का पुरावा नाही, लोकांनी आता खातात तेवढं खात राहावं. जगभर गदारोळ. मग बाहेर आलं की त्या गटाच्या प्रमुखाने आधी साखरेवर असाच एक पेपर लिहिला होता ज्याला फूड कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचा पैसा होता, आणि हे त्याने या वेळी सांगितलं नव्हतं. पण गोष्ट इथे संपत नाही. तो पेपर छापूच नका म्हणून ज्यांनी जोर लावला, त्यांच्यातल्याही काहींचे संबंध अक्रोड-बदाम विकणाऱ्या आणि अशाच उद्योगांशी निघाले. दोन्हीकडे पैसा. म्हणून मी आता पेपर वाचताना आधी शेवटचं पान बघते, पैसा कुणी दिला, कुणाचा काय संबंध. पैसा दिसला म्हणून पेपर फेकत नाही, पण मग तेच म्हणणारा दुसरा कुणी आहे का जो विकत नाही, हे शोधते. पबमेड या वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर सारांश फुकट वाचता येतात, कोक्रेन म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिचे सोप्या भाषेतले सारांश फुकट असतात, इंग्रजीत आहेत पण बारावीच्या पोरांना समजेल इतके सोपे.

आणि सगळ्यात जास्त कामाचं मला आपल्या घरचंच सापडलं. हैदराबादची एनआयएन, राष्ट्रीय पोषण संस्था. १९१८ ला कुन्नूरला छोट्या प्रयोगशाळेपासून सुरू झाली, १९५८ ला हैदराबादला आली. २०१७ मध्ये त्यांनी ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले, त्यात आपली ज्वारी आहे, जवस आहे. मे २०२४ ला १७ मार्गदर्शक सूचना आल्या, पीडीएफ फुकट मिळते. त्यात २,००० कॅलरीचं ताट दिलंय, धान्य २५० ग्रॅम, भाजी ४०० ग्रॅम, फळ १०० ग्रॅम, डाळी-अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, सुकामेवा आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली. ते डाळ आणि मांस एकाच रकान्यात ठेवतात, शाकाहार विरुद्ध मांसाहार असं भांडण तिथे नाहीच. मी वजनकाटा आणून एक दिवस सगळ्या घराचं ताट मोजलं. भाजी निम्मीसुद्धा नाही भरली, तेल दुप्पट. हा हिशोब सगळ्यांना लागू, बाबांनाही आणि लेकीलाही.

प्रोटीनचा धसका पण गेला. मोठ्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. लेकीचं वजन ४८ किलो, म्हणजे ४० ग्रॅम, वाढीचं वय म्हणून थोडं वर धरू. ३० ग्रॅम तूरडाळीच्या वरणात साडेसहाच्या आसपास, ३० ग्रॅम सोयाबीन वडीत पंधराच्या आसपास, मूठभर शेंगदाणे सात, दोन वाट्या दही, वर भाकरीतलं वेगळं. डाळ आणि धान्य एकत्र खाल्लं की एकातलं कमी दुसऱ्याने भरतं, वरण-भात, झुणका-भाकर हे आपल्याकडे कुणी प्रोटीन मोजून नाही केलं पण बरोबर केलं. फक्त वरण पातळ पाणी नको, घट्ट पाहिजे, आणि तिची वाटी आधी भरली पाहिजे.

बाबांना मी दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाकडे घेऊन गेले, वहीत प्रश्न लिहून. त्यांनी नीट ऐकलं. बाबांच्या रिपोर्टवरून त्यांनी ठरवून दिलं, महिन्यातून दोनदा, चरबी काढलेले तीन-चार पीस, तर्री नाही, खूर-भेजा-कलेजी बंद, गोळ्या एकही चुकवायची नाही, आणि बिडी, जी बाबा गच्चीवर लपून ओढत होते आणि ज्याबद्दल आतापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं, ती आजपासून बंद. हे बाबांसाठी आहे, तुमच्या घरच्यांसाठी तुमचे डॉक्टर सांगतील. बाहेर येताना बाबा म्हणाले, "मटनावरच सगळे बोंबलत होते, बिडीचं कोनी म्हनलंच नाही बाप्पा."

आता रविवारी आमच्याकडे एकाच मसाल्यात दोन पातेली असतात. एकात मटण, एकात लेकीसाठी सोयावडी आणि वाटाणे, तिचं पातेलं आधी गॅसवर चढतं आणि पळी वेगळी, हे आईंनीच सुरू केलं, मी नाही सांगितलं. तेल मी मापाने काढून देते. तेलाशिवाय सावजी कसलं म्हणून आई पहिले चार रविवार बोलल्याच नाहीत माझ्याशी, आता त्याच वाटण जास्त वेळ भाजतात, म्हणतात तेल कमी असलं की मसाला खरा भाजावा लागते. लेक आठवड्याची बी१२ ची गोळी घेते, लोहाची पण चालू आहे. फेब्रुवारीत परत टेस्ट आहे. रिपोर्ट आला की आकडे लिहीन इथेच, जे येतील ते.